जुन्या ब्लॉगची आवराआवर: काय काढायचं, काय जपायचं?

डोंगरवाट
गडकिल्ल्यांवरचा माझा ब्लॉग गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर आहे, २०१० सालापासूनचा. लेख वाढत गेले तसं त्यांच्याभोवतीचं सामानही वाढलं. आता तो आवरायला घेतलाय, त्याआधी इथल्या जाणत्या मंडळींशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा.

आवरायचं कशासाठी, ते आधी सांगतो. माझा वाचक राजूरहून पाचनईकडे निघालेला असतो. हातात फोन, रेंज येते-जाते. त्याला हरिश्चंद्रगडाबद्दल चार गोष्टी हव्या असतात: पाचनईची वाट धरू की खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाऊ, वेळ किती लागेल, वर पाणी आहे का, मुक्काम कुठे करायचा. नळीच्या वाटेचं नाव ऐकून आलेला असेल तर ती नवख्यासाठी नाही, हे त्याला निघण्याआधी कळायला हवं. आज त्याला आधी दिसतं ते आडवं मोठं चित्र, मग स्वागताची सरकती ओळ, मग शेअर करण्याची बटणं. वाटेची माहिती बरीच खाली आहे. रेंज गेली तर तो तिथवर पोचतच नाही.

ज्यांचा जीव आधीच गेलाय अशा गोष्टी मी काढल्या. गूगल रीडरचं बटण (अनेक ब्लॉगांचे नवे लेख एका जागी वाचायची ती सेवा १ जुलै २०१३ ला बंद झाली), गूगल प्लसचा बिल्ला (एप्रिल २०१९), फ्लॅशवर चालणारा फोटोफलक (२०२० संपता संपता फ्लॅशच संपलं), नवे लेख ईमेलने पाठवणारी फीडबर्नरची पेटी (जुलै २०२१ नंतर त्यातून ईमेल जाणं थांबलं). या सगळ्यांचं त्या-त्या काळात काम होतं. रीडरच्या बटणामुळेच तर कितीतरी वाचक टिकून राहिले होते.

राहिलेल्या गोष्टींबद्दल मात्र मन बनत नाहीये: लेबलांचा ढग, महिनावार संग्रह, इतर मराठी ब्लॉगांची यादी, मजकूर कुणी उचलू नये म्हणून उजवी टिचकी बंद करणारी स्क्रिप्ट, मुखपृष्ठावरची सरकती चित्रं आणि फॉन्ट. कसोटी एकच ठरवलीय. पानावरची वस्तू कुठल्या वाचकाच्या कुठल्या कामाची, हे सांगता आलं तर ती राहील.

पाटीपेन्सिल
चांगला विषय. ब्लॉगरच्या आकडेवारीत एक गोष्ट बघा: वाचक येतात कुठून आणि उतरतात कुठे. माहितीपर ब्लॉग असेल तर बहुतेक जण गूगलवर गडाचं नाव टाकून थेट त्या लेखावर येतात. मुखपृष्ठ त्यांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून आवरायला सुरुवात लेखाच्या पानापासून करा. सगळे उलट करतात, मुखपृष्ठ सजवत बसतात.

दुसरं. फोनवर बाजूपट्टी लेखाच्या खाली जाते म्हणून ती निरुपद्रवी आहे असं समजू नका. दिसली नाही तरी तिच्यातली प्रत्येक वस्तू उतरतेच. नकाशाचा ठिपका, हवामानाची चौकट, पाहुणे मोजणारा आकडा, यांतलं प्रत्येक जण वेगळ्या सर्व्हरकडे जातं. त्यांतला एखादा सर्व्हर मंद असला की पान घुटमळतं आणि वाचकाला वाटतं तुमचा ब्लॉगच जड आहे.

अंदाज घ्यायला एक सोपी युक्ती. आयफोनवरच्या सफारीत किंवा फायरफॉक्समध्ये तुमचा लेख रीडर स्वरूपात उघडा. संगणकावरच्या सफारीत ही सोय २०१० मध्ये आली. भोवतालचं सगळं गळून फक्त शीर्षक, मजकूर आणि चित्रं उरतात. जे गळलं त्यातलं काय तुम्हाला खरंच हवं होतं ते लगेच कळतं. माझ्या बाबतीत ती एकच गोष्ट निघाली, 'याच परिसरातले इतर लेख' ही छोटी यादी. ती मी लेखाच्या शेवटी मजकुरातच लिहायला लागलो.

अक्षरजुळारी
खिळे जुळवण्यापासून डीटीपीपर्यंतचा काळ मी छापखान्यात काढलाय, त्यामुळे माझी नजर आधी अक्षरांवर जाते. डोंगरवाट, तुमचा ब्लॉग आत्ता उघडून पाहिला. पान दाटलेलं वाटण्याचं निम्मं कारण बाजूपट्टीत नाही, मजकुरात आहे. ती थीम रोमन लिपीसाठी बनवलेली आहे.

रोमनला पुरते तेवढी ओळींमधली जागा देवनागरीला पुरत नाही. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीतल्या 'राष्ट्र'चा पाय खालच्या ओळीतल्या 'विद्यार्थी'च्या रफाराला भिडला की डोळा अडखळतो. तुमच्याकडे लाइन-हाइट १.४ आहे. ती १.७ करून बघा. मजकुराचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नको. बाकी काही न काढता एवढंच केलंत तरी पान मोकळं झालेलं दिसेल.

शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलेलं आहे, ते शून्य करा. रोमन कॅपिटल अक्षरांमध्ये असं अंतर शोभतं, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर वेगळं पडतं. अनेक मराठी वृत्तस्थळांवरसुद्धा ही तुटकी शिरोरेघ दिसते आणि मला दर वेळी त्रास होतो.

मजकुराच्या दोन्ही कडा सरळ केल्या आहेत, तेही सोडा. छापील पानाला रुंदी असते, शब्द तोडता येतो, जुळारी हाताने जागा वाटून घेतो. फोनच्या चिंचोळ्या ओळीत 'हरिश्चंद्रगडावरच्या' असा एक शब्द आला की शेजारच्या शब्दांमध्ये भोकं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी ठेवा. फोटोखालच्या ओळी तिरप्या केल्या आहेत. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत तिरपं वळण काढलेलंच नसतं, ब्राउझर सरळ अक्षराला ढकलून वाकवतो. त्याऐवजी त्या ओळी थोड्या लहान आकारात द्या.

रंगाबद्दल: पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर ही सध्याची फॅशन आहे. उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्याला ते दिसत नाही, आणि तुमचे वाचक तर उन्हातच असतात. वेबवरच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ : १ असावा असं सांगितलं आहे. तो मोजणारी फुकटची साधनं आहेत.

आता फॉन्ट. तुम्ही चार वेगवेगळे वेबफॉन्ट उतरवता. देवनागरीत जोडाक्षरांमुळे एका फॉन्टमध्ये शेकडो आकार असतात, म्हणून फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी होते. एकच कुटुंब घ्या आणि त्यातली दोनच वजनं, साधं आणि ठळक. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. पुस्तकी वळण आवडत असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा. सगळ्यात हलका पर्याय म्हणजे वेबफॉन्ट न घेणं. अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी असतोच, आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी, विंडोजमध्ये निर्मला. तिन्ही धड वाचता येतात.

शेवटचं, आणि माझ्या जिव्हाळ्याचं. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' (mr) अशी नोंदवा. तुमच्या थीमवर इंग्रजी नोंदवलेली आहे. ज्या फॉन्टांत सोय केलेली असते त्यांत या एका नोंदीने 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसू लागतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेसाठी हीच वळणं प्रमाण धरली आहेत. दीड मिनिटाचं काम आहे आणि त्यात काहीच जड होत नाही.

डोंगरवाट
जुळारीकाका, मनापासून आभार. लाइन-हाइट आणि लेटर-स्पेसिंग आत्ताच बदललं. 'भीमाशंकर ते सिद्धगड' हे शीर्षक पहिल्यांदा सलग दिसलं. फॉन्टचं रात्री करतो.

उजव्या टिचकीबद्दल कुणी बोललं नाही अजून. ती स्क्रिप्ट त्या काळी सगळेच घालत होते.

शब्दवेल
मी बोलते. माझा कवितांचा ब्लॉग आहे आणि माझ्याकडे ते कुलूप आजही आहे. माझी कविता व्हॉट्सअॅपवर माझ्या नावाशिवाय, कधी भलत्याच्या नावाखाली फिरून माझ्याकडेच परत आली आहे. 'कुलपाने चोरी थांबत नाही' हे मला माहीत आहे. पण ज्याला नुसती सवय म्हणून उचलायचं असतं तो तरी थांबतो. आवराआवरीच्या नावाखाली हे काढायला सांगाल तर त्याच्या जागी दुसरं काय ते सांगा. एका मैत्रिणीने तर कविता चित्राच्या रूपात टाकायला सुरुवात केली आहे.

कानोसा
शब्दवेलताई, तुमच्या वेदनेबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी दृष्टिहीन आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारी साधनं, संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक, वापरतो, मराठी आवाजासह. चित्रातली कविता माझ्यासाठी अस्तित्वातच नसते. 'चित्र' एवढंच ऐकू येतं आणि पुढे शांतता. मराठी कविता मी शाळेपासून पाठ करत आलोय, आणि आज ज्या कविता सगळ्यांना एका टिचकीवर मिळतात त्यांतल्या कितीतरी माझ्यापर्यंत अशाच पोचत नाहीत. तुमच्या मैत्रिणीला एवढं जरूर सांगा. चित्र टाकायचंच असेल तर खाली अक्षरांतही द्या.

धाग्याच्या मूळ विषयावर. तुम्हाला डोळ्यांनी जी गर्दी दिसते ती मला वेळ म्हणून ऐकू येते. लेखाच्या आधी चाळीस दुवे असतील तर ते एकामागून एक कानावर पडतात. सराव असलेला माणूस शीर्षकांवरून उड्या मारत पुढे जातो, पण त्यासाठी शीर्षक हे शीर्षक म्हणून नोंदवलेलं हवं. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं अक्षर मला साधा मजकूर म्हणूनच ऐकू येतं. डोंगरवाट, तुम्ही 'कसे जाल', 'पाणी', 'मुक्काम' हे ठळक करून लिहिता. ब्लॉगरच्या संपादकात वरच्या यादीतून 'उपशीर्षक' निवडा. दिसायला तसंच राहील, मला थेट पाण्यापाशी जाता येईल.

आणि 'अधिक वाचा' हा दुवा. मुखपृष्ठावर दहा लेख, दहा वेळा 'अधिक वाचा'. दुव्यांची यादी काढली की मला हे दोनच शब्द दहा वेळा ऐकू येतात. लेखाचं शीर्षकच दुवा असतं, खालचं काढून टाकलंत तर कुणाचंच काही अडत नाही. सरकती चित्रं आणि सरकत्या ओळी तर जरूर काढा. वाचत असताना खालचं सामान बदलत राहतं आणि मी कुठे होतो ते हरवतं.

फोटोंना वर्णन लिहा. 'आयएमजी ४०७२' नको. 'कोकणकड्यावरून दिसणारी दरी, डावीकडे ढग' एवढं पुरे.

पाटीपेन्सिल
कानोसा, फार मोलाचा प्रतिसाद. 'उपशीर्षक' वापरण्याचा फायदा शोधयंत्रालाही होतो, पण तुम्ही सांगितलेलं कारण पुरेसं आहे.

शब्दवेल, तुम्ही पर्याय विचारलात. आधी कुलपाचं: ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद केली की ते उघडतं, आणि फोनवर स्क्रीनशॉटला कुलूप लागतच नाही. अडतो तो साधा वाचक. एखादा शब्द निवडून कोशात बघणारा, आवडलेल्या दोन ओळी तुमच्या नावासकट मित्राला पाठवणारा. पर्याय असा: कवितेच्या शेवटच्या ओळीनंतर लगेच, त्याच परिच्छेदात तुमचं नाव आणि ब्लॉगचा पत्ता लिहा. अख्खी कविता उचलणाऱ्याच्या हाताला बहुतेक वेळा ती ओळही लागते. प्रसिद्धीची तारीख दिसू द्या, पुढे वाद झाला तर तोच पुरावा. आणि कोणी तुमची कविता दुसऱ्या ब्लॉगवर टाकली तर गूगलकडे स्वामित्वहक्काची तक्रार करता येते, ब्लॉगरवरचा मजकूर त्यांनी उतरवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

शब्दवेल
नाव कवितेला चिकटवून लिहायचं, हे पटलं. आजवर ते वर शीर्षकापाशी होतं. कानोसा, मैत्रिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवते. कुलूप काढायचं की नाही यावर मात्र मी अजून विचार करणार आहे.

रानजाई
मला एका गोष्टीसाठी भांडायचं आहे: इतर ब्लॉगांची यादी. आवराआवर सुरू झाली की पहिला घाव तिच्यावर पडतो.

२००८ ते २०१२ चा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल. मराठीत शोधून काही सापडायचं नाही. वाचक एका ब्लॉगच्या बाजूपट्टीतून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जायचे. 'मराठी ब्लॉग विश्व' या संकलनस्थळाचा बिल्ला लावला की नवा लेख टाकल्यावर तिथे दिसायचा. स्टार माझा वाहिनीची 'ब्लॉग माझा' स्पर्धा असायची, तिच्यातून नवी नावं कळायची. त्या याद्या म्हणजे आमची ओळखदेख होती. त्यातले कितीतरी ब्लॉग आता थांबलेत, पण लेख आहेत, आणि काही विषयांवर मराठीत तेवढंच लिहिलेलं आहे. तुमच्या यादीतून दुवा गेला तर त्या लेखांकडे जाणारी वाट कमी झाली.

तुमच्या कसोटीने बघा, डोंगरवाट. गडावर निघालेल्या माणसाला ही यादी नको, मान्य. पण घरी परतल्यावर त्याला शेजारच्या किल्ल्याबद्दल आणखी वाचायचं असतं. त्या वाचकाच्या ती कामाची आहे. बाजूपट्टीतून काढा, पण तिचं स्वतंत्र पान करा. प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा, हा ब्लॉग कशासाठी वाचावा. मेलेले दुवे तपासा आणि इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक यंत्रात जुनी प्रत मिळाली तर तिचा दुवा द्या.

प्रतिसादांनाही हात लावू नका. तुमच्या एका लेखाखाली त्या गावातल्याच कुणीतरी पावसाळ्यात दरड येऊन वाट बदलल्याचं लिहिलंय. लेखापेक्षा ती माहिती ताजी आहे.

डोंगरवाट
रानजाई, शंभर टक्के सहमत. यादीचं स्वतंत्र पान करतो. तो दरडीचा प्रतिसाद मी लेखातच वर घेतो, लिहिणाऱ्याच्या नावासह.

सह्यवेडा
फोटोंवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जड ब्लॉगचं खरं कारण नव्वद टक्के वेळा तेच असतं. फोनमधून काढलेला फोटो चार-पाच एमबीचा. असे बारा फोटो एका लेखात, आणि वाचतोय पाचनईला एक काडी रेंजवर.

१२०० पिक्सेल रुंदी फोनला आणि लॅपटॉपला पुरते. तेवढा करून जपलात तर बहुतेक फोटो दोन-तीनशे केबीत बसतात. जुन्या लेखांसाठी एक सोय आहे: ब्लॉगरच्या चित्राच्या पत्त्यात मध्येच 'एस१६००' असं काहीतरी असतं. तो आकडा ८०० केलात की गूगल स्वतःच लहान प्रत देतं, पुन्हा चढवावं लागत नाही. चित्राची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहा, म्हणजे फोटो यायच्या आधी जागा धरली जाते आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात पत्ता टाकून बघा. सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा असं तिथे धरतात.

मुखपृष्ठावरच्या सरकत्या चित्रांचं: अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोजमाप झालं होतं, २०१३ मध्ये त्याचे आकडे आले. सुमारे एक टक्का लोकांनी त्या चित्रांवर टिचकी मारली, आणि त्यातही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर. उरलेली चित्रं वाचकाच्या डेटावर उतरली आणि कुणी पाहिली नाहीत. एकच चांगला फोटो ठेवा.

एक विनंती मात्र आहे. आवरता आवरता फोटो कमी करताना वाटेवरच्या खुणांचे फोटो काढू नका. कोकणकडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. टोलार खिंडीनंतर कातळात वाट कुठे वळते त्याचा फोटो फक्त तुमच्याकडे आहे.

पोथीशाळा
मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे लेबलांचा प्रश्न माझा. तुमच्या ब्लॉगवर 'हरिश्चंद्रगड', 'हरिश्चंद्र गड', 'हरिश्चन्द्रगड' आणि रोमन लिपीत लिहिलेलं चौथं-पाचवं रूप अशी वेगवेगळी लेबलं आहेत. ब्लॉगर प्रत्येकाचं वेगळं पान करतो. वाचक एका लेबलावर गेला तर त्याला चारपैकी दोनच लेख मिळतात आणि त्याला वाटतं एवढेच आहेत. आम्ही ग्रंथालयात एकाच लेखकाच्या नावाची सगळी रूपं एका प्रमाण नावाखाली आणतो, तसंच करायचं. एक रूप ठरवा, बाकीची त्यात मिसळा. ब्लॉगरमध्ये लेखांची यादी उघडून एकदम अनेक लेखांना लेबल लावता-काढता येतं.

लेबलांचा ढग काढा. त्यात जे जास्त वेळा लिहिलं तेच मोठं दिसतं, वाचकाला काय हवंय त्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुमच्याकडे सगळ्यात मोठं लेबल 'भटकंती' आहे, आणि तो तर अख्खा ब्लॉगच आहे.

वर्गवारी जिल्ह्यानुसार करण्याचा मोह होईल. हरिश्चंद्रगडाचंच बघा. पाचनई अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, नळीच्या वाटेचं बेलपाडा ठाणे जिल्ह्यात. एका जिल्ह्यात टाकलात तर दोन बाजूंनी येणाऱ्यांना सापडणार नाही. पायथ्याच्या गावाचं लेबल लावा. लोक शेवटी गावापर्यंतची गाडी शोधत असतात.

महिनावार संग्रह गडांच्या ब्लॉगवर कामाचा नाही. 'मार्च २०१४' मध्ये कुठला किल्ला होता हे तुमच्याशिवाय कोणाला आठवणार? त्याऐवजी सगळ्या गडांचं अकारविल्हे एक पान करा आणि वर एकच शोधपेटी ठेवा. एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा' असं आहे. आमच्या वाचनालयात ते भिंतीवर लावलेलं आहे.

टेम्सकाठ
पोथीशाळा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. मी लंडनला असतो. इथल्या सरकारने ऑक्टोबर २०१२ मध्ये दोन मोठी संकेतस्थळं बंद करून सगळं एका ठिकाणी आणलं, आणि पुढे एकेका खात्याची संकेतस्थळंही त्यात घेतली. त्यांच्या सुट्ट्यांच्या पानावर पुढची बँक सुट्टी कधी ते सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. बाकी वर्षाची यादी खाली. आलेल्या बहुतेकांना तेवढंच हवं असतं आणि ते एका नजरेत मिळतं. डोंगरवाट, तुमच्या प्रत्येक गडाच्या लेखात पहिल्या सहा ओळी अशाच करा: पायथ्याचं गाव, वाट, वेळ, अवघडपणा, पाणी, मुक्काम. वर्णन, इतिहास, आठवणी त्याच्या खाली. मी दर डिसेंबरात गावी आलो की भाच्यांना घेऊन एक गड करतो, तेव्हा तुमचाच ब्लॉग उघडतो, म्हणून हक्काने सांगतोय.

हळदओल
सगळं वाचतेय, पण मला जरा वेगळं म्हणायचंय. सगळ्यांनी सगळं काढलं की सगळे ब्लॉग एकसारखे पांढरे दिसतील. डोंगरवाट यांच्या ब्लॉगवर वरती गेरूच्या रंगाचा जो पट्टा आहे, त्यावर हाताने काढलेली डोंगररांगेची रेघ आहे, ती पाहिली की मी योग्य जागी आले हे कळतं. फेसबुकवर सगळ्यांची भिंत सारखी असते. स्वतःचा ब्लॉग ठेवायचं एक कारण तरी हेच ना, की तो आपल्यासारखा दिसावा? ती रेघ काढू नका.

अक्षरजुळारी
हळदओल यांच्याशी सहमत. मोकळं पान म्हणजे कोरं पान नव्हे. चांगल्या छापील दिवाळी अंकात एकच सजावटीची पट्टी असते आणि ती अंकभर ओळखीची राहते. ती रेघ ठेवा, पण उंची कमी करा म्हणजे फोनवर शीर्षक पहिल्याच पडद्यात येईल. आणि ती छायाचित्र म्हणून न ठेवता एसव्हीजी (रेघा आकड्यांत साठवणारा चित्रप्रकार) करून घ्या, काही केबीत मावेल आणि कुठल्याही पडद्यावर धारदार दिसेल.

पाटीपेन्सिल
हे सगळं करण्याआधी दोन गोष्टी, नाहीतर पुढे पस्तावायला होतं. थीमची प्रत उतरवून ठेवा आणि लेखांची वेगळी. पहिलीची सोय ब्लॉगरच्या 'थीम' विभागात आहे, दुसरीची सेटिंगमध्ये. आणि लेखांचे पत्ते बदलू नका. तुमच्या जुन्या लेखांचे दुवे व्हॉट्सअॅप गटांत, इतर ब्लॉगांवर, कुणाच्या वाचनखुणांत पडलेले आहेत. दोन लेख एकत्र करणार असाल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी नोंद सेटिंगमध्येच करता येते, ती विसरू नका.

जाहिराती लावत असाल तर लेख संपल्यावर एक. मजकुराच्या मध्ये नको आणि 'सूचना पाठवू का' विचारणारी खिडकी तर अजिबात नको.

डोंगरवाट
सगळ्यांचे प्रतिसाद नीट उतरवून घेतले. जाहिराती नाहीत, लावणारही नाही.

हरिश्चंद्रगडाचा लेख नमुना म्हणून करून पाहिला. वर डोंगररांगेची बारीक रेघ आणि ब्लॉगचं नाव, त्याखाली शीर्षक, त्याखाली टेम्सकाठ म्हणतात त्या सहा ओळी. नळीच्या वाटेचा इशारा त्या सहा ओळींतच घेतला. मग एक फोटो, टोलार खिंडीनंतरच्या वळणाचा. त्यानंतर 'कसे जाल', 'पाणी', 'मुक्काम', 'इतिहास' ही खरी उपशीर्षकं. शेवटी जवळच्या गडांची यादी आणि मग प्रतिसाद. बाजूपट्टी पूर्ण गेली. उजव्या टिचकीची स्क्रिप्टही गेली. फोटो लहान केले. वेबफॉन्ट सध्या काढलाय, फोनमधला जो असेल तो दिसतो. कानोसा, तुमच्या सोयीने एकदा ऐकून बघाल का? शीर्षकांचा क्रम बरोबर लागलाय की नाही ते मला डोळ्यांनी कळत नाही.

कानोसा
ऐकलं. क्रम बरोबर आहे. 'पाणी'पर्यंत दोन उड्यांत पोचलो. फक्त वरच्या रेघेला वर्णन दिलेलं नाही, त्यामुळे फाइलचं नाव वाचलं जातं. ती केवळ सजावट आहे, तिचं वर्णन रिकामं ठेवा म्हणजे यंत्र ती गाळून पुढे जाईल. 'मुक्काम' खाली दोन फोटो वर्णनाविना आहेत.

सह्यवेडा
फोनवर पाहिलं, पटकन उघडलं. पाण्याच्या ओळीबद्दल एक सुचवतो. 'मंदिराजवळच्या टाक्यात पाणी' एवढंच लिहिलंय. ऑक्टोबरातलं टाकं आणि मेमधलं टाकं यात फार फरक असतो, उन्हाळ्यात कोणी या एका ओळीच्या भरवशावर रिकाम्या बाटलीने चढेल. पाणी, मुक्काम आणि एसटी, या तीन ओळींपुढे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत तो महिना आणि वर्ष लिहा. ज्या गडावर बऱ्याच वर्षांत गेला नाहीत तिथे तसं स्पष्ट लिहा.

डोंगरवाट
बरोबर आहे. हे सगळ्या गडांच्या लेखांत करतो, उन्हाळ्यात जिथे लोक जास्त जातात ते आधी. इथल्या कोणी अलीकडे रतनगड, कलाडगड किंवा नाणेघाटाकडे जाऊन आलं असेल तर पाण्याची स्थिती आणि महिना इथेच लिहा. तुमच्या नावासह त्या ओळीत टाकतो.

रानजाई
नाणेघाट, जानेवारी. गुहेजवळच्या टाक्यांत पाणी होतं, पण आम्ही ते प्यायलो नाही, घाटघरहून भरून नेलं होतं. रतनगडाचं भावाला विचारून उद्या लिहिते.